हाफ-टन ट्रक, ३० फुटी ट्रेलर आणि सहा माणसं: नक्की कुठला आकडा बघायचा?

फिरस्ता_डेन्व्हर | मंगळवार, रात्री १०:४०

मंडळी, जूनमध्ये आई-बाबा पुण्याहून येतायत. त्यांना युटातल्या मोआबला न्यायचं डोक्यात होतं, म्हणून गेल्या महिन्यात एक वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. ३० फुटी, मागे मुलांचे बंक, मधे छोटं स्वयंपाकघर. रिकामं वजन ६,६८० पौंड, ट्रेलरचं स्वतःचं जीव्हीडब्ल्यूआर (भरून जास्तीत जास्त वजन) ८,८००. ओढायला दोन वर्षांपूर्वी घेतलेला हाफ-टन पिकअप आहे. ब्रँड मुद्दामच सांगत नाही, नाहीतर पुढचे चाळीस प्रतिसाद त्यावरच जातील.

ट्रेलर विकणारा म्हणाला, "तुमचा ट्रक ११,२०० पौंड ओढतो, हा तर सात हजाराचाही नाही. डोळे झाकून न्या." मी नेला.

काल शेजारचे काका आले. आयुष्यभर ट्रेलर ओढलेला माणूस. त्यांनी ट्रेलरकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ ड्रायव्हरचं दार उघडलं, तिथला स्टिकर वाचला, "हम्म" म्हणाले आणि घरी गेले. त्या "हम्म"नं झोप उडाली आहे. स्टिकरवर लिहिलंय की माणसं आणि सामान मिळून ६८७ किलो किंवा १,५१४ पौंडांच्या वर जाता कामा नये. ११,२०० कुठे आणि १,५१४ कुठे! यातला खरा कुठला?

---

आकडेमोड | मंगळवार, रात्री ११:२५

दोन्ही खरे, पण दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. मी गाड्यांच्या चाचण्यांच्या कामात होतो, म्हणून जरा लांबण लावतो.

११,२०० म्हणजे ट्रक मागून किती *ओढू* शकतो. १,५१४ म्हणजे ट्रक स्वतःच्या पाठीवर किती *वाहू* शकतो. ट्रेलर नुसता ओढला जात नाही, त्याचं नाक तुमच्या ट्रकच्या शेपटीवर टेकलेलं असतं. त्या नाकाचा भार, म्हणजे टंग वेट, ट्रकच्या पाठीवरच मोजायचा. ट्रॅव्हल ट्रेलरला हा भार ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. १० च्या खाली गेलात तर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो.

आता ११,२०० येतो कुठून? एसएई जे-२८०७ नावाचं मानक आहे. टोयोटाने ते २०११ च्या मॉडेलपासून घेतलं, बाकीचे मोठे उत्पादक काही वर्षांनी आले. त्यातली प्रसिद्ध चाचणी डेव्हिस डॅमच्या चढावर, अ‍ॅरिझोनात बुलहेड सिटीहून निघणाऱ्या ६८ नंबरच्या रस्त्यावर. बाहेर १०० अंश फॅरनहाइट, एसी पूर्ण, साधारण १२ मैलांचा चढ, आणि वेग ताशी ४० मैलांच्या खाली जायला नको. चाचणी कडक आहे, त्यात खोट नाही. पण ट्रकमध्ये माणसं किती धरतात? दोन. दीडशे-दीडशे पौंडांची. शिवाय ७० पौंडांची हिच, म्हणजे ट्रेलर जोडायचा सांधा, आणि टंग वेट फक्त १० टक्के.

तुमच्या स्टिकरशी ताडून बघा. ११,२०० चे १० टक्के १,१२०. अधिक माणसं ३००. अधिक हिच ७०. झाले १,४९०. तुमची मर्यादा १,५१४. म्हणजे जाहिरातीतल्या त्या सडपातळ जोडप्याने मुलं घरी ठेवली, कुत्रा शेजाऱ्याकडे दिला आणि मागे थर्मासही ठेवला नाही, तर आकडा २४ पौंडांनी जमतो.

---

शिल्पा_वायोमिंग | बुधवार, सकाळी ६:५०

मागच्या हौद्यात थर्मास न ठेवणारं मराठी कुटुंब मी तरी बघितलेलं नाही.

---

कमानपाटा | बुधवार, सकाळी ८:१५

आकडेमोड यांनी नेमकं सांगितलंय. मी गावाकडचं उदाहरण देतो, म्हणजे पोटात उतरेल.

आमच्याकडे कोल्हापूर भागात गळीत हंगामात ट्रॅक्टरला उसाच्या ट्रॉल्या जोडून कारखान्याकडे जातात. तुम्ही बघितलं असेल, चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं हवेत उठतात आणि ड्रायव्हर हातात नुसतं स्टिअरिंग धरून बसलेला असतो. ट्रॅक्टरला ट्रॉली *ओढवत* नाही का? ओढवते की! पण मागे आकड्यावर एवढा भार आलाय की पुढची चाकं जमीन सोडतात, आणि मग वळवायचं कशाने? तुमच्या पिकअपमध्ये तेच होतं, फक्त चाक हवेत उठत नाही. पुढचा अ‍ॅक्सल हलका होतो, स्टिअरिंग लोण्यासारखं वाटतं आणि पुढच्या ब्रेकची पकड कमी होते.

आजोबा बैलगाडी भरताना दोन गोष्टी सांभाळायचे. भार मागे गेला की गाडी *उलाळ* होते, जू वर उठून बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे गेला की धुरेला जड, बैलांची मान मोडते. टंग वेटचं सगळं शास्त्र एवढंच आहे. तुमचा ट्रेलर उलाळ नको आणि धुरेलाही नको.

ट्रकचा मालक असलेला आमचा मामा गाडीची ताकद कधी हॉर्सपॉवरमध्ये सांगत नसे. "पासिंग किती टनाची?" एवढंच. आरसी बुकात रिकामं वजन आणि भरलेलं वजन, दोन्ही छापलेलं. दाराच्या आतल्या बाजूला बघा, पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरच्या शेजारी दुसरा स्टिकर असतो. त्यावर जीव्हीडब्ल्यूआर आणि पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलचे जीएडब्ल्यूआर, म्हणजे त्या-त्या अ‍ॅक्सलवर जास्तीत जास्त किती भार, ते असतात. ते इथे टाका.

---

फिरस्ता_डेन्व्हर | बुधवार, दुपारी १२:३०

जेवणाच्या सुट्टीत पार्किंगमध्ये जाऊन बघून आलो. जीव्हीडब्ल्यूआर ७,०५०. पुढचा अ‍ॅक्सल ३,७५०, मागचा ४,१५०.

कागदावर हिशेब केला. ट्रेलर भरून ८,००० धरला, टंग १३ टक्के, म्हणजे १,०४०. माझी वेट डिस्ट्रिब्यूशन हिच ९५ पौंडांची. १,५१४ मधून दोन्ही वजा केले तर उरले ३७९. मी १८०, बायको १४०, मुलं ७० आणि ५०. एकूण ४४०.

म्हणजे आई-बाबा अजून विमानात बसलेले नाहीत आणि मी आत्ताच ६१ पौंड वर आहे?

वेट डिस्ट्रिब्यूशन हिचने काही सुटका होते का? दुकानदार म्हणाला होता, ही हिच लावली की पेलोडचा, म्हणजे ट्रकने पाठीवर किती वाहायचं त्याचा, प्रश्न मिटतो.

---

शिल्पा_वायोमिंग | बुधवार, दुपारी १:०५

दुकानदाराचं सोड. मुंबई विमानतळ आठव. २३ किलोच्या दोन बॅगा, एक भरते २५ ची. मग तिथेच जमिनीवर बॅग उघडून चकलीचा डबा दुसऱ्या बॅगेत. दोन्ही २३ च्या आत बसल्या, काउंटरवरची बाई खूश. पण घरून निघताना चकली जेवढी होती तेवढीच आहे ना?

वेट डिस्ट्रिब्यूशन हिच म्हणजे चकलीचा डबा हलवणं. मागच्या अ‍ॅक्सलवरचा भार उचलून पुढच्या अ‍ॅक्सलवर टाकते. स्टिअरिंग परत येतं, हेडलाइट झाडांवर न पडता रस्त्यावर पडतात. हिच हवीच. पण १,५१४ चा आकडा तिने एका पौंडानेही वाढत नाही.

---

आकडेमोड | बुधवार, दुपारी १:४०

उपमा झकास, पण थोडी दुरुस्ती. तिसरी बॅगही असते: ट्रेलरचे अ‍ॅक्सल. हिचचे बार, म्हणजे भार पुढे ढकलणाऱ्या तिच्या दांड्या, ताणले की काही भार ट्रकवरून कायमचा उतरून ट्रेलरच्या चाकांवर जातो. शंभर, दीडशे पौंड. म्हणजे काट्यावर ट्रकचं वजन खरोखर थोडं कमी भरतं. पण रेटिंग वाढत नाही हे शिल्पाताईंचं म्हणणं बरोबरच आहे.

आणि रिसीव्हरवरचा, म्हणजे हिच जिथे अडकवतात त्या नळीवरचा, स्टिकरही वाचा, ट्रकखाली वाकून. बऱ्याच हाफ-टनवर दोन ओळी असतात. साध्या बॉलवर ५,००० पौंड ट्रेलर आणि ५०० पौंड टंग, आणि वेट डिस्ट्रिब्यूशन लावून त्याहून बरंच जास्त. तुमच्या ट्रेलरला ही हिच हौस म्हणून नाही, सक्तीची आहे.

---

टेक्सास_नाना | बुधवार, संध्याकाळी ७:२०

अरे किती घाबरवताय पोराला! आठ वर्षं हाफ-टनने ३२ फुटी ओढतोय. ह्यूस्टन ते बिग बेंड, ह्यूस्टन ते फ्लोरिडा. स्टिकर कधी वाचला नाही. ट्रक बसल्यासारखा वाटला तेव्हा मागच्या स्प्रिंगांना हवेच्या पिशव्या, एअर बॅग, टाकल्या, आता एकदम सपाट उभा राहतो. हे कंपनीवाले वकिलांच्या भीतीने आकडे कमी लिहितात.

---

कमानपाटा | बुधवार, संध्याकाळी ७:५५

नाना, आदर ठेवून सांगतो. आमच्या मामाच्या ट्रकलाही ड्रायव्हर लोक जादा कमानपाटे टाकून घ्यायचे. गाडी सपाट दिसायची. पण अ‍ॅक्सल तोच, बेअरिंग तीच, ब्रेकचे ड्रम तेच, टायर तेच. मामा म्हणायचा, "पाटा टाकला म्हणजे गाडी बसत नाही, पण मोडायची थांबत नाही." एअर बॅग म्हणजे फुगवलेला कमानपाटाच. ट्रकची मागची बाजू उचलते, पासिंग उचलत नाही. उलट धोका असा की आधी ट्रक मागे बसायचा तेव्हा निदान डोळ्यांना कळायचं.

आणि ह्यूस्टन ते फ्लोरिडा रस्ता पोळपाटासारखा सपाट आहे. ह्याला रॉकी पर्वतातल्या आयझेनहॉवर बोगद्यातून जायचंय.

---

शिल्पा_वायोमिंग | बुधवार, रात्री ९:३०

नानांना "काही झालं नाही" म्हणणारी मीही होते, तीन वर्षांपूर्वीपर्यंत. म्हणून माझी गोष्ट.

आय-८० वर लॅरमी ते रॉलिन्सचा पट्टा. वाऱ्यासाठी बदनाम, हिवाळ्यात रिकामे सेमी, म्हणजे मोठे मालवाहू ट्रक, आडवे होतात म्हणून रस्ता बंद करतात. आम्ही मात्र ऑगस्टमध्ये, निरभ्र आकाशात. ट्रेलर २६ फुटी. निघताना मी शहाणपणा केला होता: टंग जड होतंय म्हणून जनरेटर आणि चार सायकली मागच्या बंपरच्या रॅकवर लावल्या. पेलोड वाचला. कमानपाटा यांच्या आजोबांच्या भाषेत, मी गाडी उलाळ केली.

६८ मैलांच्या वेगात एक सेमी बाजूने गेला. त्याच्या वाऱ्याने ट्रेलर आधी त्याच्याकडे ओढला गेला, मग बाहेर. मग पुन्हा आत. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. आरशात ट्रेलरची डावी भिंत दिसत होती, मग उजवी, मग परत डावी. नवरा शेजारी ओरडत होता ब्रेक मार, ब्रेक मार.

ट्रकचा ब्रेक मारायचा *नाही*. ट्रक हळू होतो आणि मागचा ट्रेलर त्याला ढकलून काटकोनात दुमडतो. डॅशबोर्डवर ब्रेक कंट्रोलरची हाताने दाबायची छोटी पट्टी असते, ती दाबायची. फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात आणि तो मागून ट्रकला सरळ ओढून धरतो. स्टिअरिंग सरळ, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय बाजूला. मला ते कुणीतरी कॅम्पग्राउंडवर सांगितलं होतं म्हणून आठवलं. तीन-चार सेकंदांत थांबलं. रस्त्याच्या कडेला उभी राहिले तेव्हा माझे गुडघे थरथरत होते आणि मागे मुलगी आयपॅडवरून मान वर करून म्हणाली, "पोहोचलो का?"

नंतर काट्यावर नेलं तर टंग ९ टक्के.

त्यामुळे फिरस्ता, पेलोड वाचवायला सामान ट्रेलरच्या शेपटीकडे ढकलायचा मोह होईल. तो करू नकोस. सामान ट्रेलरच्या अ‍ॅक्सलच्या डोक्यावर, जमिनीलगत.

---

अ‍ॅक्टिव्हावाला_पुणे | गुरुवार, पहाटे २:१०

कोथरूडमधून वाचतोय. इथे अ‍ॅक्टिव्हावर नवरा-बायको, दोन पोरं आणि पायाजवळ गॅसचा सिलिंडर. आमचा जीव्हीडब्ल्यूआर किती असेल हो? 😀

---

आकडेमोड | गुरुवार, सकाळी ७:३०

तुमच्या सिलिंडरवरून आठवलं. ट्रेलरच्या नाकावर प्रोपेनच्या दोन टाक्या असतात. ३० पौंडी टाकी भरली की लोखंडासकट साधारण ५५ पौंड, दोन म्हणजे ११०. त्याच्यामागे बॅटरी, ती पन्नास-साठ पौंडांची. ही सगळी मंडळी बरोबर टंगवर बसलेली. म्हणून माहितीपत्रकातलं "हिच वेट" कधी खरं धरू नका, ते रिकाम्या ट्रेलरचं असतं. बॅटरी तर बहुतेक वेळा विक्रेताच नंतर बसवतो.

पाणी गॅलनला ८.३४ पौंड. ४० गॅलनची टाकी भरली तर ३३० च्या वर. टाकी अ‍ॅक्सलच्या पुढे आहे की मागे यावर टंग वाढणार की घटणार ते ठरतं. पलंगाखाली डोकावून बघा.

---

बे_एरिया_बंडू | गुरुवार, सकाळी ९:४५

हाफ-टन हे नाव कुठून आलं? हा तर पाऊण टन वाहतोय.

आणि थ्री-क्वार्टर-टन डिझेल घेतला की सगळे प्रश्न संपतात ना?

---

कमानपाटा | गुरुवार, सकाळी १०:३०

नाव जुन्या काळचं, जेव्हा ट्रक खरंच अर्धा टन, म्हणजे १,००० पौंड वाहायचा. इथला टन २,००० पौंडांचा. ट्रक वाढले, नाव चिकटलं. आमच्याकडे पंचवीस पैशांना चार आणे म्हणायची सवय राहिली तसं.

डिझेलचं म्हणाल तर इथे बरेच लोक फसतात. थ्री-क्वार्टर-टनचं जीव्हीडब्ल्यूआर अनेकदा १०,००० पौंडांवर अडवून ठेवलेलं असतं, कारण त्याच्या वर गेलं की वाहनाचा वर्ग बदलतो. आता त्याच १०,००० मध्ये जड डिझेल इंजिन, फोर-व्हील ड्राइव्ह, चामड्याच्या सीटा, काचेचं छत बसवलं तर वाहायला काय उरणार? महागातला महाग ट्रिम, म्हणजे त्याच ट्रकचा सगळ्यात सजवलेला प्रकार, बघितला तर पेलोड २,००० च्या आसपास. आणि त्याच कंपनीचा पेट्रोलवाला, कापडी सीटांचा साधा ट्रक त्याच्यापेक्षा बरंच जास्त वाहतो. शोरूममध्ये टॉर्क विचारू नका. दार उघडा आणि वाचा. प्रत्येक ट्रकचा आकडा वेगळा असतो, शेजारी उभ्या असलेल्या त्याच रंगाच्या दोन ट्रकांचासुद्धा.

बंडूशेठ, तुमच्या कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना वेगमर्यादा ५५ आहे हे माहीत आहे ना?

---

बे_एरिया_बंडू | गुरुवार, सकाळी १०:५०

माहीत आहे. तिकीट फ्रेमात लावलंय.

---

टेक्सास_नाना | गुरुवार, रात्री ८:००

शिल्पा, तुझी गोष्ट वाचून आमच्या हिने माझ्याकडे नुसतं बघितलं. असो. मी स्टिकर वाचणार नाही म्हणजे नाही, पण माझ्याकडून दोन गोष्टी घ्या. ट्रेलरच्या टायरांची हवा सकाळी थंड असताना बघायची, टायरवर लिहिलेल्या दाबाइतकी. आणि ६२ च्या वर जायचं नाही. अर्धे टायर उन्हाळ्यात हवा कमी असल्याने फुटतात आणि लोक टायरच्या कंपनीला शिव्या देतात.

फिरस्ता, काट्यावर जा. कागदावर रडून काय होणार?

---

शिल्पा_वायोमिंग | गुरुवार, रात्री ८:२५

नानांना +१, चक्क.

ट्रक स्टॉपवर कॅट स्केल, म्हणजे ट्रकांचा वजनकाटा, शोध. तीन पट्ट्या असतात. पुढची चाकं पहिलीवर, मागची दुसरीवर, ट्रेलरची तिसरीवर. तीनदा वजन कर: सगळं जोडून, मग बार सोडवून, मग ट्रेलर पार्किंगमध्ये ठेवून नुसता ट्रक. दुसऱ्यातून तिसरं वजा केलं की खरं टंग वेट. पहिल्या वजनाला पंधरा डॉलरच्या आसपास, त्याच दिवशी परत केलं तर अगदी थोडे. निघशील तसं भरून जा. टाकी फुल, मुलं आत, फ्रीज भरलेला.

---

फिरस्ता_डेन्व्हर | शनिवार, दुपारी ३:१५

जाऊन आलो. आधी गंमत: बोलायचं बटण सेमीच्या ड्रायव्हरच्या उंचीवर आहे. मी खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर लटकलो तरी हात पुरेना. मागे सेमी थांबलेला. शेवटी उतरून उडी मारून दाबलं. आतून बाई विचारते, "कंपनीचं नाव?" मी म्हटलं, "फॅमिली."

मी, बायको, दोन्ही मुलं, हौद्यात कूलर, लाकडी ठोकळे, हत्यारं मिळून साधारण १६० पौंड. शिवाय हौद्यावर कडक झाकण आहे, ते मी नंतर बसवलेलं.

सगळं जोडून: पुढे ३,१६०, मागे ४,१००, ट्रेलर ६,९८०.
बार सोडवून: पुढे २,८८०, मागे ४,५२०, ट्रेलर ६,८४०.
नुसता ट्रक: पुढे ३,३४०, मागे ३,०२०.

---

आकडेमोड | शनिवार, दुपारी ४:००

वा! हातात चिठ्ठी आली की गप्पांना वजन येतं.

टंग: बार सोडवून ट्रक ७,४००, नुसता ६,३६०. फरक १,०४०. ट्रेलर एकूण ७,८८०, म्हणजे १३ टक्क्यांच्या किंचित वर. उत्तम, उलाळ नाही. तुमचा अंदाज अचूक निघाला, अभिनंदन.

बार सोडवल्यावर पुढचा अ‍ॅक्सल ३,३४० वरून २,८८० वर आला. ४६० पौंड गेले. हाच तो कोल्हापूरचा ट्रॅक्टर. आणि मागचा ४,५२०, मर्यादा ४,१५०.

बार लावल्यावर पुढे २८० परत आले, मागचा ४,१०० वर, मर्यादेच्या ५० पौंड आत. १४० पौंड ट्रेलरच्या चाकांवर गेले, ती तिसरी बॅग. बार आणखी एक कडी ताणून बघा, पुढे अजून थोडं परत यायला हवं.

पण ट्रक एकूण ७,२६०. जीव्हीडब्ल्यूआर ७,०५०. २१० वर, आणि आई-बाबा अजून यायचेत.

सगळं मिळून १४,२४० आहे. ट्रक आणि ट्रेलर मिळून जी मर्यादा असते, जीसीडब्ल्यूआर, ती मॅन्युअलमध्ये बघा, तुम्ही तिच्या बऱ्याच आत असाल. म्हणजे विक्रेता खोटं बोलला नाही. इंजिन ओढेल. तुम्ही अडकलात ते पाठीवर.

---

फिरस्ता_डेन्व्हर | शनिवार, संध्याकाळी ६:३०

जीसीडब्ल्यूआर १७,१००. म्हणजे तिथे जवळजवळ तीन हजार शिल्लक. काय विनोद आहे.

ट्रेलरमध्ये बाराशे पौंड सामान कधी भरलं तेही कळत नाही. बायकोने यादी वाचून दाखवली: इडलीपात्र, दोन कुकर, मिक्सर, वीस पौंडांची कणकेची पिशवी, तेवढाच तांदूळ, बिडाचा तवा. "यातलं काय काढू सांग," म्हणाली. मी गप्प.

आई-बाबा दोघं मिळून २८०. नवीन ट्रक या वर्षी शक्य नाही. काय करू?

---

कमानपाटा | शनिवार, संध्याकाळी ७:१०

कुकर राहू दे. हौद्यातलं १६० पौंड सामान ट्रेलरमध्ये अ‍ॅक्सलच्या वर न्या. त्यातलं विसेक पौंड टंगवरून परत येईल, निव्वळ १४० उतरतील. झाकण काढून गॅरेजमध्ये, त्याचे सत्तर असतील. झाले २१०. म्हणजे चौघं कसेबसे मर्यादेवर. सहा जण या ट्रकमध्ये नाहीत, कितीही आकडे हलवले तरी. दुसरी गाडी न्या. वहिनी आई-बाबांना घेऊन मागून येतील, वॉकी-टॉकी घ्या, आईंनाही पाय लांब करायला जागा.

आणि मोआब सोडा या वेळी. बोगदा ११,१५८ फुटांवर, तिथून सिल्व्हरथॉर्नकडे ७ टक्के उतार, पुढे व्हेल पास. पहिल्याच प्रवासात कशाला? ग्रेट सँड ड्यून्सला जा. आय-२५ ने खाली, मग ला व्हेटा पास, तोही ९,४१३ फूट, पण रस्ता बराच सौम्य. उतारावर टो-हॉल मोड, म्हणजे ओढताना गिअर खालचा धरून ठेवणारं बटण, आणि खंडाळ्याचा नियम: ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही.

---

टेक्सास_नाना | रविवार, सकाळी ११:४०

आमच्या हिने दार उघडून वाचला. १,३८०. ट्रेलर विकायला काढलाय का असं कुणी विचारू नका, अजून चर्चा चालू आहे.

---

फिरस्ता_डेन्व्हर | पाच आठवड्यांनी, शुक्रवार, रात्री ९:२०

मंडळी, धागा वर काढतोय. आलामोसाजवळच्या कॅम्पग्राउंडवरून लिहितोय. आई आत मूगडाळीची खिचडी टाकतेय.

काल निघताना सगळं कमानपाटा यांच्या सांगण्याप्रमाणे केलं. झाकण गॅरेजमध्ये, हौदा रिकामा, बायको आईला घेऊन तिच्या गाडीत. वाटेत काट्यावर पुन्हा वजन केलं. चिठ्ठी आली: पुढे ३,०८०, मागे ३,९८०, ट्रेलर ७,१२०. ट्रक एकूण ७,०६०.

१० पौंड वर! मी तिथेच डोक्याला हात लावला. एवढं सगळं काढून, बायकोला दुसऱ्या गाडीत बसवून, तरी १० वर? परत परत बेरीज करतोय, मागे सेमीवाला हॉर्न देतोय.

---

आकडेमोड | शुक्रवार, रात्री ९:३५

असं कसं? ७,२६० मधून १४०, ७० आणि वहिनींचे १४० वजा केले तर ६,९१० यायला हवेत. १५० पौंड कुठून आले? ट्रकमध्ये कोण कोण होतं?

---

फिरस्ता_डेन्व्हर | शुक्रवार, रात्री ९:५०

तेच तर. बाबांना वजनकाटा बघायचा होता, म्हणून तेवढ्यापुरते बायकोच्या गाडीतून उतरून माझ्या शेजारी येऊन बसले होते. बटण उंचावर आहे हे मी फोनवर सांगितलेलं त्यांनी लक्षात ठेवलं होतं. पुण्याहून आणलेली लांब दांड्याची छत्री खिडकीबाहेर काढून त्यांनी ते टोकाने दाबलं, पहिल्या फटक्यात.

चिठ्ठी वाचून म्हणाले, "म्हणजे मीच जास्त झालो होय," आणि छत्री घेऊन उतरले.